ठोशाआधी पाय: लढत आपल्या हातात कशी ठेवायची

लातूर-परभणीकडच्या तालमीतून बॉक्सिंगला येणाऱ्या पोरांत ताकद भरपूर असते, पण रिंगमध्ये ती समोरच्याच्या मागे धावतात. ते आधी सोड. तो बाजूला सरकला की मागोमाग न जाता तिरपं पाऊल टाकून त्याची वाट अडव. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याची परतीची वाट धरतो ना, अगदी तसं. रिंगचा मध्य तुझ्याकडे असला की त्याला दोरांकडून लांब फेरा पडतो, तुला दोन पावलं. दमतो तो.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हे अंतराचं माप. एक हलका डोळ्यांपुढे, एक जोरात, एक छातीवर. एकाच ठेक्यात तीनदा मारलास की चौथ्याला त्याचा उजवा वरून आलाच म्हणून समज. हात कमरेकडे न पाडता सरळ हनुवटीपाशी आण.

हूल खांद्यानं आणि पुढच्या गुडघ्यानं दे, नुसत्या हातानं नव्हे. समोरचा गार्ड (तोंडापुढे धरलेले हात) उचलतो, मागे झुकतो की उलटा मारतो, ते बघ. दोनदा तेच केलं तर तिसऱ्यांदा तिथेच ठोसा. खरी पकड इथे आहे, वेगात नाही.

डावखुरा असेल तर तुझा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाबाहेर.

हेवीवेट बॉक्सर मुहम्मद अलीनं १९७४ मध्ये जॉर्ज फोरमनला दोरांना टेकून दमवलं आणि आठव्या राउंडला पाडलं. तू ते करू नकोस. तुझे राउंड तीनच, पंचांना तू नुसता मार खाताना दिसशील.

सराव: खडूनं सहा मीटरचा चौकोन आख, जोडीदाराला दोन मिनिटं ठोसा न मारता कोपऱ्यात कोंड. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत उरक.