वाचकांचे प्रश्न : पाऊचची सूज हटत नाही तेव्हा

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार. त्यासाठी मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची पिशवी शिवून ती गुदद्वाराला जोडतात. हेच पाऊच. सगळं सुरळीत असलं तरी पाऊच असलेल्याला दिवसातून ४ ते ८ वेळा शौचाला जावं लागतं. तो आजार नव्हे. या पिशवीच्या अस्तराला सूज आली की तिला पाऊचायटिस म्हणतात. कोलायटिससाठी ऑपरेशन झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती कधी ना कधी होते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरीही होते. या महिन्यात आलेली पत्रं ज्यांची बरी होत नाही त्यांची आहेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं पाऊचचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी मुंबईला झालं. सहा महिन्यांपासून दिवसाला १४-१५ वेळा जावं लागतं, मुरडा येतो, रात्री कपडे खराब होतात. सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी) घेतली की चार दिवसांत आराम पडतो, बंद केली की तीन आठवड्यांत पुन्हा तेच. आता मेडिकलवाले ओळखीचे झालेत, तेच पाकीट देतात. ही गोळी जन्मभर घ्यायची का? (एक भगिनी, चोपडा)

उत्तर : ताई, मेडिकलमधून परस्पर पाकीट आणणं आधी थांबवा. सिप्रोने आराम पडतो म्हणजे पाऊचायटिसच आहे असं धरून चालणं, हीच या आजारातली सगळ्यांत महागात पडणारी चूक. लक्षणं तीच, पण कारणं वेगळी असू शकतात, आणि कारण वेगळं असेल तर पुढचं प्रत्येक औषध वाया जातं.

म्हणून पुढचं पाकीट उघडण्याआधी पाऊचची दुर्बीण तपासणी करून घ्या. पोट साफ करायला साधारण एक-दोन एनिमा पुरतात आणि तपासणी काही मिनिटांत आटोपते. डॉक्टरांना तीन ठिकाणं बघायला सांगा: पाऊचच्या वरचं लहान आतडं, पाऊच, आणि गुदद्वाराजवळ उरलेला मूळ अस्तराचा एक-दोन सेंटीमीटरचा पट्टा. तिन्हींचे तपासणीचे तुकडे (बायॉप्सी) वेगवेगळ्या बाटल्यांत जाऊ द्या. पाऊच जोडताना मारलेल्या स्टेपलच्या रेषेवरून तुकडा घेऊ नये. धातूच्या टाक्यांभोवती शरीर गाठी धरतं, सूक्ष्मदर्शकाखाली त्या क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचा दुसरा जुनाट आजार) गाठींसारख्या दिसतात आणि रुग्णाच्या माथी नसलेला आजार बसतो. आपल्याकडे तर अशा गाठी पाहून क्षयाचीही शंका घेतली जाते.

दुर्बिणीत सूज कुठे आहे यावरून बरंच कळतं. सगळ्या पाऊचला सारखी असेल तर नेहमीचा पाऊचायटिस. अर्ध्याच भागात, रेघ मारल्यासारखी असेल तर त्या भागाला रक्तपुरवठा कमी पडत असावा. वरच्या आतड्यातही लांबवर पसरलेली असेल तर क्रोन्स किंवा पित्तनलिकांचा आजार शोधावा लागतो. त्यासाठी रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज तपासतात. पाऊच साफ दिसत असेल आणि तरी त्रास असेल, तर तोंड अरुंद झालंय का, मागे जुनी गळती साचून राहिलीय का, हे एमआरआयवर बघतात.

सोबत शौचाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलसाठी तपासणी करा. हा जंतू बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या वारंवार कोर्सनंतर माजतो. नमुना दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे; पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून पाठवा. हा जंतू निघाला तर व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, १० दिवस, तेही तोंडावाटेच. शिरेतून दिलेलं आतड्यातल्या या जंतूपर्यंत पोचत नाही.

आणखी एक गोष्ट घरीच तपासा. मिस्टर कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी काही घेतात का? शेतीची कामं करणाऱ्या घरांत या गोळ्या सहज असतात आणि पाऊचची सूज टिकवून ठेवायला त्या पुरेशा असतात. पूर्ण बंद करून पॅरासिटामॉलवर या.

हे सगळं तपासूनही निव्वळ पाऊचायटिसच निघाला, तर तुमच्या मिस्टरांचा प्रकार अँटिबायोटिकवर अवलंबून असलेला. यात तीन वाटा आहेत. पहिली, कमीत कमी मात्रेवर ठेवणं: उदाहरणार्थ सिप्रो ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनऐवजी एकदा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने महिन्यात आठवडाभर सुट्टी. दुसरी, सिप्रो आणि मेट्रोनिडॅझोल हे दुसरं अँटिबायोटिक आलटून पालटून. तिसरी, कोर्सने सूज उतरल्यावर आठ जातींच्या जंतूंचं जास्त ताकदीचं प्रोबायोटिक रोज. दह्याची वाटी किंवा दुकानातली साधी प्रोबायोटिक कॅप्सूल त्याची जागा घेत नाही, आणि सूज जोरात असताना त्याचा उपयोगही नाही.

सिप्रो दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेतली तर पोटातच बांधली जाते. गोळी त्यांच्या दोन तास आधी घ्या, किंवा नंतर सहा तासांनी. टाचेमागची शीर (स्नायूबंध) दुखू लागली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना सांगा. मेट्रोनिडॅझोलने तोंड धातूसारखं कडू होतं, ते चालतं. पायाच्या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र थांबायचं, कारण ती इजा कायमची राहू शकते. दारू औषध चालू असताना आणि नंतरचे तीन दिवस वर्ज्य.

प्रश्न : महिनाभर सिप्रो आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र घेऊनही फरक नाही. डॉक्टर वेडोलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही सूज दाबणारी इंजेक्शनं घ्या म्हणतात. महाग आहे, आणि टीबी होतो असं ऐकलं. काय करावं? (वाचक, शहादा)

उत्तर : चार आठवड्यांच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा पाऊचायटिस हट्टी म्हणायचा. पहिल्या उत्तरातल्या तपासण्या झाल्या नसतील तर आधी त्या करा. तुमच्याबाबतीत तुकड्यावर सीएमव्ही (सायटोमेगॅलो) विषाणूची खास तपासणीही मागा.

इंजेक्शनआधी एक स्वस्त पायरी आहे. ब्युडेसोनाइड ९ मिलिग्रॅम रोज, साधारण आठ आठवडे, मग हळूहळू कमी. हे स्टिरॉइड आतड्यातच काम करतं आणि यकृतात बरंचसं निकामी होतं, त्यामुळे प्रेडनिसोलोनइतकं अंगाला लागत नाही. ते बराच काळ चालवायचं नाही. याने भागलं तर उत्तम.

नाही भागलं तर वेडोलिझुमॅब. पाऊचायटिससाठी स्वतंत्र चाचणीतून सिद्ध झालेलं हे औषध आहे: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १०२ रुग्णांच्या चाचणीत १४व्या आठवड्याला औषध घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के आणि नुसतं सलाईन घेणाऱ्यांपैकी १० टक्के रुग्ण आजारमुक्त होते. दोन्ही गटांना पहिले चार आठवडे सिप्रो होती. म्हणजे तिघांत एकाला पूर्ण आराम. हा आकडा समोर ठेवूनच खर्चाचा निर्णय घ्या. मात्रा ३०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सलाईनमधून, ०, २ आणि ६ आठवड्यांना, मग दर आठ आठवड्यांनी. १४ आठवड्यांच्या आत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका. हे औषध सावकाश चढतं. १४व्या आठवड्यानंतरही दुर्बिणीत काहीच बदल नसेल, तर पैसे ओतत राहण्यात अर्थ नाही.

टीबीची भीती खरी आहे, पण ती मुख्यतः इन्फ्लिक्सिमॅब आणि त्याच जातीच्या अ‍ॅडालिमुमॅबची. आपल्या भागात क्षयाचा सुप्त संसर्ग सर्रास असतो. यातलं कोणतंही औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, सुप्त क्षय शोधणारी इग्रा (रक्ताची) किंवा मॅन्टू (कातडीवरची) चाचणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. सुप्त संसर्ग निघाला तर प्रतिबंधक औषध सुरू करून साधारण महिनाभराने इन्फ्लिक्सिमॅब देतात. वेडोलिझुमॅबचा परिणाम मुख्यतः आतड्यापुरता असल्याने क्षयाच्या बाबतीत ते जास्त सुरक्षित. म्हणूनही आम्ही आधी त्याचा विचार करायला सांगतो.

एक धोका फारसा बोलला जात नाही. सिप्रो क्षयाच्या जंतूवरही थोडंफार काम करते. महिनोन्‌महिने ती चालू असलेल्या माणसाचा क्षय झाकला जातो आणि जंतू औषधाला सरावू शकतो. खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी आधी, इंजेक्शन नंतर.

प्रश्न : उन्हाळ्यात भुसावळच्या उकाड्यात फार थकवा येतो, पोटऱ्यांत गोळे येतात. भरपूर पाणी पितो. जेवणात काय ठेवावं? (वाचक, भुसावळ)

उत्तर : भाऊ, नुसतं पाणी वाढवून भागत नाही. लहान आतड्यातून उरलेलं मीठ आणि पाणी शोषायचं काम मोठं आतडं करतं, ते तुमच्याकडे नाही. पारा ४५च्या आसपास असताना साधं पाणी ढोसलं की शरीरातलं मीठ आणखी पातळ होतं आणि गोळे येतात. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, दिवसभरात घोट घोट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. लघवी गडद आणि कमी झाली, उभं राहताना अंधारी आली तर दवाखाना गाठा, सलाईन लागेल.

खाण्यात पिकलं केळं, मऊ भात, साबुदाणा, घुसळलेलं मीठ घातलेलं ताक ही शौच घट्ट करणारी मंडळी. केळ्याला तर आपल्याकडे तोटा नाही. भरीत खायचं तर साल पूर्ण काढून, बिया कमी असलेल्या वांग्याचं, आणि हिरवी मिरची आवरून. तिखट आतड्याची सूज वाढवत नाही, पण जाताना कातडी जाळतं, आणि दिवसाला दहा वेळा जाणाऱ्या माणसाला तेवढंही जड जातं. शेवभाजी सूज उतरेपर्यंत राहू द्या. रात्रीचं जेवण आठच्या आत. गुदद्वाराभोवती साबण नको. कोमट पाणी, टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडचा थर. लोपेरामाइड २ मिलिग्रॅम जेवणाआधी अर्धा तास घेता येतं, पण ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर नाही. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासा. थकवा तिथूनही असू शकतो.

प्रश्न : शौचाबरोबर ताजं रक्त पडतं, फेऱ्या मात्र फार वाढलेल्या नाहीत. हाही पाऊचायटिसच का? (भगिनी, साक्री)

उत्तर : बहुधा नाही. पाऊचायटिसमध्ये रक्त क्वचित पडतं. खाली उरलेल्या मूळ अस्तराच्या पट्ट्याला सूज असावी. त्यात जुना कोलायटिसच शिल्लक असतो. त्यावर सिप्रो नव्हे, तर मेसालामाइनची १ ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) रात्री झोपताना. दुर्बीण करून खात्री झाल्यावरच सुरू करा.

प्रश्न : सगळे उपाय हरले तर पुन्हा शौचाची पिशवी पोटावर येणार का? (वाचक, चाळीसगाव)

उत्तर : काहींच्या बाबतीत येते, बहुसंख्य लोकांचं पाऊच मात्र टिकतं. वर तात्पुरता स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) काढून पाऊचला विश्रांती दिली की माणूस सावरतो, वजन भरतं, पण परत जोडल्यावर सूज परतू शकते, हे आधीच समजून घ्या. पाऊच काढून कायमचा स्टोमा करणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ओटीपोटातल्या नसांना इजा होऊन लघवी आणि लैंगिक संबंधांवर परिणाम होऊ शकतो, खालची जखम भरायला महिने लागतात. म्हणून ती पाऊचची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करावी, त्यासाठी नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागली तरी. जाताना पहिल्या ऑपरेशनचा कागद, तुकड्यांचे सगळे रिपोर्ट आणि शक्य असेल तर काचेच्या स्लाइड्स सोबत न्या. आजाराचं पहिलं निदान बरोबर होतं का, हे नवा सर्जन त्यावरूनच ठरवेल.