आजोबांचा शिकारी सुरा: ओळखायचा कसा, किंमत किती धरायची?

पात्यावर चांदणी, शेजारी क्रॉस, खाली 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स', सांबरशिंगाची मूठ आणि चामडी म्यान, एवढं तुम्ही लिहिलंय. भाऊ 'विकून टाकू' म्हणतोय आणि तुम्हाला आकडा हवाय. आकड्याकडे येतो, पण आधी हात जोडून सांगतो, त्याला पितांबरी लावू नका. धारवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. पात्यावरचा जुना करडा-काळपट रंग हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो. तांबडा गंज असेल तेवढाच शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्याने हलकेच पुसा.

चांदणी आणि क्रॉस ही इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातल्या रॉजर्स या सुरे-चाकू बनवणाऱ्या कंपनीची १७६४ पासूनची खूण. मात्र या नावाच्या नकला भरपूर झाल्या, त्यामुळे भिंग घेऊन बघा: नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी' आहे का (Rodgers)? तो नसेल तर सुरा दुसऱ्याच कुणाचा. 'डी' आहे म्हणजे अस्सलच, असंही नाही. अक्षरांचा ठसा खोल आणि सरळ हवा.

पात्यावर मुकुटाचा ठसा असेल तर काळ ठरवायला त्याच्या दोन बाजूंची अक्षरं बघा. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. 'ई आर' म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. त्यानंतर 'जी आर', म्हणजे जॉर्ज. 'इंग्लंड' हा शब्द कोरलेला असेल तर सुरा बहुतेक १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. शब्द नसला म्हणून तो त्याआधीचा ठरत नाही.

मूठ खरंच शिंगाची आहे का, हे कळायला तिचं टोक नीट बघा. शिंगाच्या आत मऊ, सच्छिद्र गाभा दिसतो. हाडावर बारीक काळे ठिपके असतात, हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. तापवलेली सुई टोचून बघा असं कुणी सुचवेल, त्याचं ऐकू नका. गंमत म्हणजे शेफिल्डच्या कारखान्यांत मुठींसाठी सांबरशिंग आपल्याकडूनच जात असे.

आणि नेमकी इथेच विक्री अडते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राण्याच्या शिंगाची वस्तू विकता येत नाही, गळून पडलेलं शिंग असलं तरी नाही. हस्तिदंत निघाला तर विकायचा प्रश्नच उरत नाही. वारसाने आलेल्या अशा वस्तूंची ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची तरतूदही आहे. तुमच्या सुऱ्याला ती लागू होते का, हे वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. सुरा शंभर वर्षांहून जुना ठरला तर पुरावस्तू कायदाही लागतो, म्हणजे खासगी माणसाला तो परदेशी पाठवता येत नाही. 'लंडनच्या लिलावात टाकू' हा भावाचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

आता आकडा. विसाव्या शतकातले रॉजर्सचे साधे शिकारी सुरे विलायतेत दोन आकडी पौंडांपासून एक-दोनशे पौंडांपर्यंत जातात. व्हिक्टोरियाकालीन मोठे, नक्षीचे नग मात्र खूप वर चढतात. संकेतस्थळांवर मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. पातं घासून अरुंद झालंय का, अणी मोडून पुन्हा घडवलीये का, मूठ हलते का, म्यान मूळचीच आहे का, यावर भाव निम्म्यावर येतो किंवा दुप्पट होतो. माझ्या मते तुमच्यासाठी हा आकडा फक्त वाटणीच्या कागदावर लिहिण्यापुरता उपयोगाचा आहे.

ठेवताना पातं म्यानातून काढून वेगळं ठेवा. चामडं ओल धरतं आणि पात्याला आतून खातं, पितळेवर हिरवट थर चढतो. खंडेनवमीला पूजेत मांडत असाल तर खुशाल मांडा, फक्त ओलं हळदकुंकू पात्याऐवजी म्यानाजवळ ठेवलेल्या सुपारीला लावा, आणि संध्याकाळी सुरा कोरडा पुसून तेलाचा हात फिरवा.

फोटो टाकणार असाल तर ठशाचा तिरप्या उजेडात घ्या, फ्लॅशमध्ये अक्षरं पुसट दिसतात. मुठीच्या टोकाचाही एक हवा.