टुंड्राचा धडा आणि शाळेत आलेली पेटी

प्रश्न : मी माण तालुक्यातील एका शाळेत शिकवते. टुंड्रा प्रदेश शिकवताना ‘एस्किमो लोक बर्फाच्या घरात राहतात’ असे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, अजूनही?” मला नीट उत्तर देता आले नाही. गेल्या वर्षी सहलीत एक संग्रहालय पाहिले, पण काचेआडच्या वस्तू पाहून मुले अर्ध्या तासात बाहेर आली. उत्तरेकडील संग्रहालये शाळकरी मुलांना तिथला निसर्ग, इतिहास आणि मूळ रहिवाशांचे जीवन कसे शिकवतात? त्यातले आपल्याकडे काय करता येईल?
— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : त्या मुलीला सांगा, की आज ते लोक पक्क्या घरांत राहतात, त्यांची मुलेही शाळेत जातात, आणि बर्फाच्या लाद्यांचे घर हा फक्त हिवाळ्यातला निवारा होता. त्यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे कोणतेही घर. कॅनडातील हे लोक स्वतःला ‘इनुइट’, म्हणजे ‘माणसे’, म्हणवतात. ‘एस्किमो’ हे बाहेरच्यांनी दिलेले नाव तिथे अपमानाचे मानले जाते, म्हणून फळ्यावरही ‘इनुइट’ असेच लिहावे.

आता संग्रहालयांविषयी. कॅनडाच्या वायव्य प्रदेशांची राजधानी यलोनाइफ येथे १९७९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर सुरू झाले. हा मुलूख महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा. पण २०२१ च्या जनगणनेत तिथली वस्ती सुमारे ४१ हजार, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरली. कित्येक गावांना बारमाही रस्ता नाही. मुलांना संग्रहालयात आणणे दुरापास्त, म्हणून संग्रहालयच पेटीत भरून शाळेत पाठवले जाते : हाताळायच्या वस्तू आणि शिक्षकांसाठी टिपणे असलेली ही पेटी शाळेला ठरावीक मुदतीसाठी उसनी मिळते. मला या सगळ्यात हीच कल्पना सर्वांत मोलाची वाटते, कारण वस्तू हातात आली की मूल आपोआप प्रश्न विचारू लागते.

इनुइटांचा ‘कुल्लिक’ हा दिवाच पाहा. अर्धचंद्राकार उथळ दगडी पात्र, त्यात सीलच्या चरबीचे तेल, आणि सरळ काठावर शेवाळ व रानकापूस पसरून केलेली लांबलचक वात. उजेड, ऊब, स्वयंपाक, ओल्या कपड्यांची वाळवण, सगळे त्याच्यावर; ज्योत सारखी करत राहण्याचे काम बायकांचे. समईची वात सारणाऱ्या आजीजवळ बसलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडिअर. त्याचे केस आतून पोकळ असतात आणि त्यांत कोंडलेली हवा थंडी अडवते. म्हणून त्याच्या कातड्याचे दोन अंगरखे एकावर एक घालत, आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. आपल्या माणदेशातले घोंगडेही लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा धरूनच ऊब देते. वर्गात दोन सारख्या तांब्यांत गरम पाणी घ्या, एकाला घोंगडे गुंडाळा, दर दहा मिनिटांनी तापमान मोजून मुलांना तक्ता करू द्या. टुंड्राचा धडा त्या तक्त्यातूनच उलगडेल.

वस्तूंविषयी कोण बोलते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. वायव्य प्रदेशांतील त्लिचो या, इनुइटांहून वेगळ्या, मूळ रहिवासी समाजाचा कॅरिबूच्या कातड्यांचा एक तंबू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाकडे गेला आणि सुमारे शंभर वर्षांनी यलोनाइफला परतला. पुढे त्या समाजातील जाणत्या स्त्रियांनी तसे नवे तंबू शिवले आणि विसरत चाललेली शिवण पुन्हा हातात आली. म्हणून मुलांच्या डोक्याला कागदी पिसे लावून ‘आदिवासी दिन’ करण्यापेक्षा आपल्या गावातील मेंढपाळ आजोबांना आणि घोंगडी विणणाऱ्या सणगर कारागिराला वर्गात बोलवावे, आणि त्यांना पाहुणे म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून मानधन द्यावे. लोकर कातरायची कातर, सूत, ताण्याला लावायची चिंचोक्यांची खळ, घोंगड्याचा एक तुकडा, असे साहित्य त्यांच्या संमतीने एका पत्र्याच्या ट्रंकेत जमवा. प्रत्येक वस्तूची चिठ्ठी त्यांनी सांगितलेल्या शब्दांत, त्यांच्याच बोलीत, मुलांकडून लिहून घ्या. शुद्धलेखन तपासताना बोली पुसू नका. मग ती ट्रंक महिनाभरासाठी केंद्रातल्या शेजारच्या शाळेकडे पाठवा आणि परत येताना तिथल्या मुलांनी तिच्यात आणखी एक वस्तू ठेवावी, असे त्यांना कळवा.