‘सायकचा पेशंट’ आणि त्याचे दुखणारे पोट

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. पुढच्या महिन्यात आमची मानसोपचाराची पोस्टिंग लागणार असल्याने आई काळजीत आहे आणि ‘पागलखान्यात चाललीस’ म्हणून मैत्रिणी चिडवतात. भीती मलाही वाटते. पण त्याहून एक प्रसंग अधिक सलतो. कॅज्युअल्टीत ड्युटीवर असताना एक गृहस्थ पोटदुखीची तक्रार घेऊन आले. त्यांच्या पिशवीतून क्लोझापिनची, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारावरच्या औषधाची, पट्टी निघताच इंटर्न म्हणाले, ‘सायकचा (मानसोपचाराचा) पेशंट आहे, बसू द्या.’ आम्ही हसलो, मीही हसले. ते दोन तास पोट धरून बाकावर बसून होते आणि नंतर एक्स-रेमध्ये आतडे अडल्याचे दिसले. असे आमच्याकडून का होते?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ज्या पट्टीमुळे त्या गृहस्थांना बसवून ठेवले गेले, ती पाहून खरे तर त्यांना आधी तपासायला हवे होते. क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, तीव्र बद्धकोष्ठता होते आणि क्वचित ती आतडे अडण्यापर्यंत जाऊन जिवावर बेतते. म्हणजे निदानाचा धागा तुमच्या हातात होता. ‘सायक’ या एका शब्दाने तो सुटला. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षे आधी दगावतात आणि त्यातील बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनविकार अशा शारीरिक आजारांमुळे होतात. त्यामागे औषधांचे दुष्परिणाम, तंबाखू आणि गरिबी आहे, तसेच आपले न ऐकणेही आहे. थट्टेपेक्षा मला याची धास्ती अधिक वाटते.

हे का होते, याचे उत्तर केवळ ‘माहिती कमी पडते’ असे नाही. स्किझोफ्रेनियाची लक्षणे तोंडपाठ असलेला विद्यार्थीही त्या रुग्णाशेजारी बसायला कचरतो. विद्यार्थ्याला वॉर्डात दिसतो तो आजार ऐन भरात असलेला माणूस. औषधाने सावरून कामाला लागलेला माणूस त्याच्या नजरेस पडतच नाही, कारण तो आपला आजार चारचौघांत सांगत नाही. माझ्याकडे दर दोन महिन्यांनी येणारे एक गृहस्थ इतवारीत धान्याच्या दुकानात हिशेब लिहितात आणि माझ्या चिठ्ठीवरची तारीख चुकली तर मलाच दाखवून देतात. अशा माणसांशी गाठ पडली, तर नुसत्या व्याख्यानापेक्षा दृष्टी अधिक बदलते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र अशा भेटी वरचेवर व्हाव्या लागतात.

आपल्या शहराचीही यात थोडी जबाबदारी आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचे आहे आणि त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही सहज ‘पागलखाना चौक’ म्हणतात. लहानपणापासून ऑटोवाल्याला तोच पत्ता सांगत आलेली मुलगी ॲप्रन घातल्याबरोबर तो शब्द विसरेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतक्याच समान वागणुकीचा हक्क दिला आहे. मात्र कॅज्युअल्टीच्या बाकापर्यंत कायदा अजून पुरता पोहोचलेला नाही.

भीतीबद्दल आईंना सांगा की मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. उलट मारहाण आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला अधिक येते. वॉर्डाचे नियम मात्र पाळावेत, दाराजवळची खुर्ची घ्यावी आणि चिडलेल्या रुग्णाकडे एकटीने जाऊ नये. पहिल्या दिवशी फाइल उघडण्यापूर्वी एखाद्या रुग्णाशी दहा मिनिटे बोलून पाहा. गाव कोणते, जेवण कसे लागते, झोप येते का, एवढेच विचारा. आधी फाइल वाचली, तर समोर माणसाऐवजी निदान बसलेले दिसते, हा माझा स्वतःचा निवासी डॉक्टर असतानाचा अनुभव आहे.

राहिला तो हसण्याचा सल. इंटर्नशी वाद घालणे तुमच्या पायरीला शक्य नाही, हे मी जाणतो. पण पुन्हा असा रुग्ण आला तर नाडी, रक्तदाब आणि ताप मोजा, शौचास केव्हा झाली ते विचारा, पोट फुगलेले आहे का ते पाहा आणि इन्चार्ज सिस्टरना स्पष्ट सांगा : ‘क्लोझापिन चालू आहे, चार दिवस शौच नाही, पोट दुखते आहे.’ हे ऐकल्यावर कोणतीही अनुभवी सिस्टर त्या रुग्णाला बाकावर बसू देणार नाही.