ठाण्यातल्या 'तलावपाळी'मधली 'पाळी' कसली?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात मासुंदा तलावाला सगळे तलावपाळी का म्हणतात, आणि ही पाळी नंबर लागतो त्यातली की पाळणं, पाळीव यातली. मी जन्माने ठाणेकर. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून तिथे गर्दी करायचो, पण कॉलेज संपेपर्यंत हा प्रश्न मलाही पडला नव्हता.

आधी आपल्या कानाला हात लावा. बाळाचे कान टोचताना आजी म्हणायची, 'जरा खाली, पाळीत टोच.' कानाची पाळी म्हणजे कानाची खालची कड. तळ्याची पाळी म्हणजे तळ्याची कड, काठ. शब्द एकच. संस्कृतात 'पालि' म्हणजे कड, काठ, बांध, शिवाय ओळसुद्धा. कानाच्या पाळीला तिथे 'कर्णपाली' म्हणतात. म्हणजे तलावपाळी हे खरं तर पाण्याचं नाव नाहीच, काठाचं आहे. कौपिनेश्वराचं देऊळ, गडकरी रंगायतन, भेळवाले, सगळे पाळीवर. पाण्याचं नाव मासुंदा.

शहरात हा अर्थ विसरला गेला तरी भंडारा-गोंदियाकडे तो रोजच्या वापरात आहे. तिकडे जुने मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांचे, तलाव पुष्कळ, आणि जोराचा पाऊस झाला की बातमी येते, 'तलावाची पाळ फुटली'. तिथे पाळ म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. गुजरातीतही पाळ आहे, आणि उदयपूरला फतेहसागरच्या बांधाला लोक 'पाल'च म्हणतात.

आता नंबराची पाळी. माझ्या मते ती 'ओळ' या अर्थातून आली असावी: ओळीत उभं राहिलं की आपली पाळी येते. बायकांची पाळी याच वळणाची, ठरावीक दिवसांनी फिरून येणारी. पाळणं, पाळीव मात्र वेगळं, ते 'पाल्' म्हणजे राखणे या धातूचं. त्याची इथे भेसळ नको.

जोडशब्दातला 'तलाव' आला 'तडाग'वरून. पाली भाषेत तो 'तळाक' होतो. आपल्या 'तळे'चं मूळही तेच. त्यातला ळ 'ड'चा झालेला आहे, त्यामुळे तळे खोल असतं म्हणून 'तळ'वरून तळे, ही सांगायला सोपी गोष्ट मला पटत नाही.

आणि हो, रिक्षावाल्याला तलावपाळीच सांगा.