नागपुरात सातवीतल्या मुलीला राष्ट्रीय पातळीच्या विज्ञान स्पर्धेत उतरायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

इन्स्पायर-मानकपासून. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना सहावीपासूनच्या मुलांसाठी आहे. मुलीचं नाव आणि तिची कल्पना मात्र शाळेनेच ऑनलाइन पाठवायची असते, म्हणून आधी विज्ञानाच्या बाईंना गाठा. कल्पना निवडली गेली की मॉडेलसाठी १०,००० रुपये खात्यात येतात. पुढे जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय प्रदर्शन.

खरी मेहनत कल्पनेची. ज्वालामुखीचं तयार मॉडेल नको (ते बाबाच बनवतात, परीक्षकांना लगेच कळतं). आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर, आणि टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास. ते पाणी आठवड्याला आपोआप बदलेल असं काही तिला सुचतंय का बघा. सुचलं तर टाकी तिलाच उघडू द्या, तुम्ही फक्त प्लग काढून ठेवा.