तासाला जाऊन बसलो की शिक्षक अवघडतात. विश्वास कसा मिळवू?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच मुख्याध्यापक झालात, आणि मागच्या बाकावर जाऊन बसलात की एरवी रंगून शिकवणारे शिक्षकही फळ्याकडे तोंड करून बोलतात. बोलणारच. साहेब तासाला आले म्हणजे लॉगबुकात, म्हणजे तास पाहिल्याच्या नोंदवहीत, शेरा, एवढंच त्यांनी आजवर पाहिलेलं असतं.

मी कोल्हापुरात रंकाळ्याकडच्या एका शाळेत अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. पहिल्याच वर्षी गणिताच्या बाईंच्या तासावर ‘विद्यार्थी सहभाग कमी’ असा शेरा ठोकला आणि खाली त्यांची सही घेतली. पुढे महिनाभर बाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. शेरा खोटा नव्हता, पण तो वाचून त्यांनी उद्या वर्गात करायचं काय?

मग उलटं केलं. शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणावर माझा तास होता, त्याला त्याच बाईंना बसवलं. काम एकच: प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते ते मोजायचं. तास संपल्यावर म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही थांबतच नाही. स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होता की!” स्टाफरूममध्ये हशा पिकला. (मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला सत्तरच्या दशकात हेच आढळलं होतं: शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात.) आठवड्याने बाईच म्हणाल्या, “आता माझ्या तासाला या.”

तेव्हापासून काय बघायचं ते शिक्षकानेच आदल्या दिवशी सांगायचं. मी कच्च्या कागदावर बाकांचा नकाशा काढायची आणि जो मुलगा बोलेल त्याच्या जागी एक रेघ. बाईंच्या कागदावर खिडकीकडची शेवटची दोन बाकं कोरी राहिली. मी काही बोलले नाही, त्यांनीच बोट ठेवलं. कागद त्यांनाच देऊन टाकला; झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही.

बोलणं त्याच दिवशी, आणि त्यांच्या वर्गात. केबिनमध्ये बोलावलंत की पुन्हा साहेब झालात.

शिक्षकांच्या कामाचा गोपनीय अहवाल मात्र तुम्हाला लिहावा लागणारच. त्यासाठी येणार असाल तेव्हा तसं आधी स्पष्ट सांगा. आणि कोणी मुलांना मारत असेल, तर तिथे नकाशे काढत बसू नका. त्याच दिवशी लेखी खुलासा मागा.